सासरचा काढा

परवा सकाळी फिरून झाल्यावर आम्ही निवृत्त मंडळी बाकावर टेकलो होतो. गरोदरपणात नशा करणाऱ्या बाईला तुरुंगात टाकावं की नाही, असा विषय निघाला. कुणी मोबाइलवर काहीतरी वाचलं होतं. सगळे एका सुरात म्हणाले, टाकावं. आई म्हणवून घ्यायची तिची लायकी नाही. मी पोलिसात होतो म्हणून माझं मत विचारलं गेलं. माझ्या कानात तेव्हा एका तान्ह्या पोरीचं रडणं सुरू झालं होतं. ते रडणं ऐकून बरीच वर्षं झाली. पण कान ते विसरायला तयार नाहीत.

नावं मी सांगणार नाही. ती पोरगी आता शाळेत जात असेल, आणि तिच्या आईबद्दल तिला कुणी रस्त्यात विचारू नये.

मी तेव्हा विट्याच्या बाजूच्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सहायक पोलीस निरीक्षक. ठाणं कौलारू, मागे निलगिरीची झाडं, पुढं रस्ता. थंडीत कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांची रांग त्या रस्त्यानं जायची आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. सकाळच्या हजेरीत मी सूचना द्यायला लागलो की नेमकी एखादी ट्रॉली समोरून जायची आणि माझ्या सूचना ढोलकीच्या ठेक्यावर व्हायच्या. पोरं ओठ दाबून हसायची. दुपारी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागं वर्तमानपत्र पसरून डबे उघडायचे. ज्वारीची भाकरी, खर्डा, कुणाच्या शेतातली पात. मी मोठ्या शहरांतही नोकरी केली, पण माझ्या नोकरीतला खरा काळ कोणता असं विचारलं तर मी त्या कौलांखालचा काळ सांगेन.

तो भाग गलाईवाल्यांचा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. देशातलं असं शहर नाही जिथं आमच्या भागातला माणूस भट्टी पेटवून बसलेला नाही. गावात त्यांची मोठी घरं, पुढं फरशी, दाराला कुलूप. ती उघडायची ती जत्रेला, लग्नाला आणि बाळंतपणाला. सून पंजाबात असो की आसामात, पहिलं बाळंतपण माहेरीच. सातव्यात ओटी भरायची आणि लेक गाडीत बसायची. दोन-दोन दिवसांचा प्रवास करून पोटुशी पोरी विट्याच्या स्टँडवर उतरायच्या, तेव्हा त्यांना घ्यायला आलेल्या आयांचे चेहरे मी पाहिले आहेत.

त्या सकाळी ठाण्याचा फोन वाजला. आमचे जुने हवालदार तेव्हा अंमलदाराच्या खुर्चीवर होते. फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. कडेगाव तालुक्यातल्या एका वाडीचं नाव घेतलं आणि म्हणाला, तिथल्या म्हातारीनं गुटीतून नातीला अफू चारली, पोर सांगलीच्या दवाखान्यात मरायला टेकली आहे, बराबर चौकशी करा. फोन ठेवून दिला.

हवालदार माझ्याकडं आले. त्यांची खोड अशी की आधी चष्मा पुसणार, मग बोलणार.

"सायेब, गडी आपल्याकडचाच हाय. पर लय दिस परमुलखात राहिलेला. 'बराबर' म्हणतोय, 'तुरंत' म्हणतोय. गलाईवाला असणार."

"म्हातारीचा शेजारी नसेल?"

"शेजारी असता तर आधी म्हातारीला धा शिव्या दिल्या असत्या. ह्यो लय तोलून बोलला."

तोलून बोललेली खबर नेहमी दोनदा तपासावी, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. स्टेशन डायरीला नोंद केली, वाडी आमच्याच हद्दीत होती, आणि एका महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन आम्ही सांगलीला निघालो.

निघताना आम्ही दवाखान्याच्या चौकीला फोन केला होता, म्हणून नवजात बाळांच्या विभागाबाहेर तिथला एक शिपाई खुर्ची टाकून बसला होता. बाळंतिणीची खोली समोरच. वरांड्यात दोन माणसं होती. एक साठीच्या आतबाहेरची बाई, भिंतीला टेकून उकिडवी बसलेली. दुसरा पांढरा शर्ट घातलेला, हातात दोन मोबाइल, वय चाळिशीचं. तो बाळाचा चुलता, म्हणजे बाळंतिणीचा थोरला दीर. उत्तरेतल्या एका गावात त्यांचं गलाईचं दुकान. धाकटा भाऊ, म्हणजे बाळाचा बाप, तिकडून निघाला होता पण अजून गाडीत होता.

आणि ते रडणं. काचेपलीकडून येत होतं तरी कानात सुई घातल्यासारखं. बाळ चौथ्या दिवसाचं. हातपाय थरथरत होते, अंग ताठ होत होतं, दूध तोंडात टिकत नव्हतं. आमची कॉन्स्टेबल स्वतः एका लहान मुलाची आई. तिनं काचेतून एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बाळांच्या डॉक्टर बाईंच्या हातात तपासणीचा कागद नुकताच आला होता. त्या मला आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "अफूचा अंश आहे. मी आत्ता चौकीला कळवणारच होते. तुम्ही आधीच कसे आलात?"

मी म्हटलं, "खबर आली होती. आजीनं गुटीतून दिली अशी."

डॉक्टर बाईंनी मान हलवली. "साहेब, अफू पोटात गेलेलं बाळ झोपतं, मान टाकतं. हे बाळ दुसऱ्या दिवसापासून झोपलेलंच नाही. याला अफू कुणी दिली म्हणून हे होत नाहीये. मिळत होती ती बंद झाली म्हणून होतंय."

"मिळत कुठून होती?"

"नाळेतून."

मी बाहेर आलो. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण ती भिंतीशी बसलेली बाई उठली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाळंतिणीची आई.

"सायेब, मीच चाटवली. लिवा माझं नाव."

"काय चाटवलं मावशी?"

"त्येच. आफू. पोर लय रडाय लागली म्हणून."

"कसली होती? वडी की पूड?"

ती गडबडली. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं, दिराकडं गेली. "गोळी व्हती. पांढरी."

"आणली कुठून?"

"बाजारातनं."

"कुठल्या बाजारातून?"

"आवं, बाजार म्हंजी बाजार. किती इचारताय! म्या दिली म्हणते न्हवं? मला न्या की गाडीत घालून."

अफू काळपट, चिकट असते. पांढरी गोळी हे तिनं कधीतरी पाहिलेल्या तापाच्या औषधाचं वर्णन होतं. नोकरीत मी गुन्हा नाकारणारे हजारांनी पाहिले. न केलेला गुन्हा इतक्या घाईनं मागून घेणारी माणसं मोजकीच भेटली, आणि त्यांत बहुतेक आयाच होत्या. दीर मागून म्हणाला, "साहेब, कबूल करतीया ती. बराबर लिहून घ्या आणि केस संपवा. म्हाताऱ्या माणसाला कोण फाशी देत न्हाई."

बाळंतिणीला विचारून पाहिलं. विशी-बाविशीची पोर, डोळ्यांखाली काळं, अंगावर घाम, पंखा नसतानाही कुडकुडत होती. कॉन्स्टेबलनं तिला "ताई" म्हणून हाक मारली. तिनं दारातल्या शिपायाकडं पाहिलं, आमच्या खाकीकडं पाहिलं, आणि भिंतीकडं कूस वळवली.

मग वरिष्ठांना कळवून वाडीवर घरझडतीला गेलो. म्हातारी सोबत. दीर म्हणाला मी थांबतो इथंच, काही लागलं तर. वाडी माळावरची. ऊस खाली राहिला, वर ज्वारी आणि शेरडं. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी. शेजारच्या घरातली एक बाई आणि वाडीतला एक निवृत्त फौजी यांना पंच म्हणून घेतलं.

देव्हाऱ्यासमोर गुटीचं पुडकं सापडलं. हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, सगळं नव्या फडक्यात बांधलेलं आणि फडक्यावर दुकानातली सुतळी अजून तशीच. त्याच्याजवळ सहाण, कोरडी. आमच्या भागात जुन्या घरांत पाचवी पुजल्याशिवाय गुटी उगाळायला घेत नाहीत. माझ्या घरातही तसंच होतं. पाचवी उद्या होती. म्हणजे या घरात त्या बाळासाठी गुटी उगाळलीच गेलेली नव्हती.

मी म्हातारीकडं पाहिलं. ती सुतळीकडं पाहत होती.

"मावशी, गुटीच उगाळली नाही तर अफू कशातून चाटवली?"

तेवढ्यात कॉन्स्टेबलनं चुलीवरच्या फळीवरून एक स्टीलची डबी काढली. आत तपकिरी भरड चुरा. वास कडवट, ओल्या गवतासारखा. मी अमली पदार्थांच्या प्रशिक्षणात तो वास घेतला होता. अफूच्या सुकलेल्या बोंडांचा चुरा. उत्तरेकडं काही भागांत मजूर तो चहासारखा उकळून पितात.

मी काही बोलायच्या आत शेजारीण कौतुकानं म्हणाली, "आवं सायेब, त्यो तर सासरचा काढा! हिच्या लेकीला सासरकडनं आलाय. तिकडं गर्भारणीला देत्यात म्हणं ताकतीसाठी. संपला तर थोरला दीर सोता गाडी घिऊन आला, दुसरी डबी दिऊन गेला. असं सासर मिळाय भाग्य लागतंय, बगा. हिनं समद्या वाडीला सांगितलंय."

म्हातारीचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही. ती आधी शेजारणीकडं हसली. सवयीनं. मग माझ्या हातातल्या डबीकडं पाहिलं, मग कॉन्स्टेबलच्या तोंडाकडं. मग ती चुलीपाशी खाली बसली.

"ह्यो?" ती म्हणाली. "ह्येच्यात हाय?"

मी मान हलवली.

"म्या उकळला," ती म्हणाली. "रोज. देवाला हात जोडून. गुळाचा खडा टाकून. ती नगं म्हणली एकदा, तर म्या म्हणलं, आगं सासरच्यांनी मायेनं धाडलंय, पी. म्या पाजला."

फौजी पंच उठून बाहेर गेला. पंचनाम्यावर सही करायला त्याला पुन्हा बोलवावं लागलं.

त्या दिवशी परतताना गाडीत ती मला सगळं सांगत राहिली. बाळ आजारी पडलं तसं दिरानं तिला वरांड्यात गाठलं होतं. पोलीस येणार, अफूची केस होणार, तुमची लेक आत जाणार, लेकरू सरकार नेणार. त्यापेक्षा तुम्ही गुटीचं सांगा, तुम्हाला कोण काय करतंय. अफू कुठून आली हे तिनं विचारलंच नव्हतं. लेक वाचते एवढंच तिला पुरलं होतं.

डबी सीलबंद केली, मुद्देमाल जमा केला. पण डॉक्टर बाईंची अडचण सुटली नव्हती. त्या म्हणाल्या, "काय घेतलं ते कळलं. किती घेत होती, कधीपासून, शेवटचं कधी, हे तिनंच सांगायला हवं. बाळाचं औषध त्यावर ठरतं, आणि तिचंही. ती पण तेच भोगते आहे, पाहिलं ना तुम्ही? एकदम तोडणं तिलाही सोसत नाहीये. पण ती माझ्याशीही बोलत नाही. दारात तुमचा माणूस बसलाय तोवर बोलणार नाही."

नियमानं तो शिपाई तिथं हवा होता. अमली पदार्थाची खबर, संशयित आत. मी काचेतून पुन्हा एकदा त्या थरथरणाऱ्या मुठी पाहिल्या आणि त्याला म्हटलं, "खाली चौकीत जाऊन बस."

"साहेब, वरनं विचारलं तर?"

"माझं नाव सांग."

त्याची खुर्चीही उचलायला लावली. मी आणि कॉन्स्टेबल जिन्याखाली जाऊन थांबलो. डॉक्टर बाई एकट्याच खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या थेट बाळाकडं गेल्या, नर्सला औषध बदलून दिलं, विभागातले दिवे मंद केले, बाळाला घट्ट गुंडाळून घेतलं. संध्याकाळी, त्या दिवसांत पहिल्यांदाच, ते रडणं थांबलं. दवाखान्यात अशी शांतता झाली की जिन्यावरचा कँटीनवाला पोरगा वर येऊन पाहून गेला.

दुसऱ्या दिवशी बाळंतीण आमच्या कॉन्स्टेबलशी बोलली. कॉन्स्टेबलनं त्या दिवशी साडी नेसली होती.

"दुकानातली पोरं भट्टीसमोर उभी राहायची, तेंच्यासाठी दादा आणायचे. म्हंजी थोरले दीर," ती म्हणाली. "समद्यांचा सैपाक माझ्याकडं. कंबर जायची माझी. एक दिस रडाय लागले तर दादाच म्हणले, घोटभर घे, हलकं वाटंल. वाटलं की. लय हलकं वाटलं. मग तेच्याबिगर उठताच येईना. गल्लीतल्या दुसऱ्या गलाईवाल्यांच्या बायका बी घेत्यात. दिस ऱ्हायल्यावर म्या सोडाय बघितलं. असं पोटात पिळलं, वाटलं पोर पडतंय. यांना सांगितलं. हे म्हणले, दादाला विचार."

"माहेरी आल्यावर आईला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? ती डबी देवाम्होरं ठेवून मग चुलीव चढवायची. बाळंतपण आलं तशी इथं दवाखान्यात काय मिळालं न्हाई. माझं मला कळत व्हतं काय हुतंय ते. तिला कसं सांगू, आई, तुज्याच हातनं..."

दिराला ठाण्यात बोलावलं. तो सुरुवातीला मोठ्या आवाजात होता. गावातली दोन वजनदार माणसं सोबत आणली होती, त्यांना हवालदारांनी बाहेर बाकड्यावर चहा देऊन बसवलं. चहा देऊन बसवणं ही आमच्या हवालदारांची खास कला. माणसाला मानही मिळायचा आणि दारही लागायचं.

मी विचारलं, "डबीत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"काढा म्हणून दिला मी. तिकडं मिळतो. मला काय माहीत?"

"मग बाळाला अफूची बाधा झाली हे तुम्हाला कधी कळलं?"

"डॉक्टर बोलली तवा."

"डॉक्टरांच्या हातात तपासणीचा कागद नुकताच आला होता तेव्हा मी तिथं पोचलो. त्याच्या आधी, सकाळीच, आमच्या ठाण्यात फोन आला. अफू चारली म्हणून. ठाण्याच्या फोनवर नंबर उमटतो. तो तुमच्या दुसऱ्या मोबाइलचा आहे."

त्यानं दुसरा मोबाइल टेबलावर उलटा करून ठेवला. हवालदार कोपऱ्यातून म्हणाले, "आता उलटा करून काय हुतंय पावणं? आतला नंबर तर सरळच ऱ्हातोय."

मग बसल्या बसल्या त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. तिकडं सगळेच घेतात. पोरं भट्टीसमोर टिकत नाहीत त्याशिवाय. तिला मी वाईट हेतूनं दिलं नाही. माहेरी ती आजारी पडली असती तर बोभाटा झाला असता म्हणून दुसरी डबी पोचवली. आणि मग एकदम सरळ बसून म्हणाला, "पर साहेब, पिणारी ती. मी काय तिच्या तोंडात वतलं न्हाई. बराबर न्याय करायचा तर तिच्यावर बी गुन्हा घ्या. पोटात लेकरू असताना पिली. आई हाय का वैरीण? लेकरू आमच्या घरचं हाय, आमी घिऊन जातो."

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. पण त्याचं ते वाक्य ठाण्यात राहिलं. वरिष्ठांचा फोन आला. ते वाईट अधिकारी नव्हते, नियमाचे होते. म्हणाले, "सेवन हा गुन्हा आहे. तिनं कबूल केलंय, तपासणीचा कागद आहे. तिला आरोपी करा. उद्या कुणी म्हणायला नको की पोलिसांनी बाई बघून सोडलं." आणि ती आरोपी झाली की पुढचं ठरलेलंच होतं. बालकल्याण समितीपुढं सासरच्यांचा अर्ज पडलाच होता. आरोपी आईच्या हातात कोण मूल देतो?

त्या दुपारी डबे उघडले पण कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं.

हवालदार म्हणाले, "सायेब, राग मानू नगा. कायदा समद्यांना येकच पायजे. आज हिला सोडली तर उद्या समद्या म्हणतील, मला बी कुणीतरी काढाच दिलता."

कॉन्स्टेबल एरवी त्यांच्यापुढं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "काका, माझ्या आईनं आम्हा सगळ्या भावंडांच्या वेळी मिसरी लावली. सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर सांगतात त्यानंही पोटातल्या बाळाला होतं. तिला कुठल्या कलमाखाली घेऊ?"

"आगं, मिसरी आन आफू येक का?"

"पोटातल्या पोराला काय कळतंय काका, कुठली दुकानात उघड मिळती आन कुठली न्हाई?"

हवालदारांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला. मग म्हणाले, "तुज्या आईचं ऱ्हाऊ दे. माजी बी लावायची." आणि आम्ही सगळे हसलो. त्या आठवड्यातलं पहिलं हसू.

माझे वडील लोणंदच्या बाजारात हमाल होते. हमालांच्या संघटनेची पत्रकं ते घरी आणायचे आणि मी त्या पत्रकांवर वाचायला शिकलो. त्यातलं वाक्य न् वाक्य ठाम असायचं: दोष कुणाचा, तर ज्याच्या हातात मापं आहेत त्याचा. पोलिसात गेल्यावर पुष्कळांनी सांगितलं की पत्रकांतलं खरं नसतं, माणसं गुंतागुंतीची असतात. असतील. पण तीस वर्षं गुन्हे तपासून मी त्याच ठिकाणी परत आलो. कुणावर बोट रोखणं सोपं आहे हे पाहून बोट रोखायचं असेल तर पोलिसांची गरजच काय? ती पोर सगळ्यांत हाताशी होती. खाटेवर होती, पळून जाऊ शकत नव्हती, स्वतःच्या तोंडानं बोलली होती. आणि बोलली होती कुणाशी? आधी डॉक्टरांशी, लेकीचा जीव वाचावा म्हणून. त्याच बोलण्याची बेडी करून तिच्या हातात घालायची?

मी सरकारी वकिलांकडं गेलो. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं की ज्या कायद्यात सेवन गुन्हा आहे, त्याच कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणही आहे. ते पान फारसं कुणी उघडत नाही. डॉक्टर बाईंनी तिच्या उपचारांची व्यवस्था करून दिली, तिनं स्वतःच्या इच्छेनं होकार दिला. मी वरिष्ठांना तसा अहवाल पाठवला. तिला साक्षीदार केलं. वरिष्ठांनी पुन्हा फोन केला आणि म्हणाले, "जबाबदारी तुमची." मी म्हटलं, "हो सर."

समितीपुढं मला बोलावलं गेलं. सासरच्यांचा वकील चांगला बोलणारा होता. त्यानं विचारलं, या बाईनं पुन्हा घेतलं तर? मी म्हटलं, घेऊ शकते. व्यसन आहे, कुलूप नव्हे की एकदा उघडलं आणि झालं. पण ती घसरली तर तिनं जाऊन सांगावं असं एक दार तरी उघडं राहिलं पाहिजे, आणि ते दार पोलीस ठाण्याचं असून चालणार नाही. मग बाळाचा बाप उठला. आतापर्यंत तो कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता. म्हणाला, "लेकरू तिच्यापाशी राहू द्या. मी बी हितंच राहतो. दुकान गेलं तरी चालंल." समितीनं बाळ आईजवळ, माहेरी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवलं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते सांगायचं तर एवढंच. गुन्ह्याच्या भीतीनं बाई व्यसन सोडत नाही, दवाखाना सोडते. आणि तिनं दवाखाना सोडला की ज्याच्या नावानं आपण न्याय मागतो ते बाळच पहिल्यांदा मरतं. आईला शिक्षा करून पोटातलं मूल वाचवता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी दवाखान्याचं दार उघडं असताना आणि दार पोलिसांनी अडवलेलं असताना, दोन्ही वेळचं रडणं ऐकावं. मी ऐकलं आहे.

समितीच्या कचेरीबाहेर ती बाळाला घेऊन पायरीवर उभी होती. आजी दुपट्याची टोकं खोचत होती. मी निघताना तिनं हाक मारली.

"सायेब, माज्या नावावर काय लागलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"खरं सांगितलं तरी?"

"नाही लागलं."

तिनं आभार वगैरे काही मानले नाहीत. बाळ आईच्या हातात दिलं आणि नवऱ्याच्या खिशातला मोबाइल मागून घेतला. आमच्याकडं पाठ करून, कचेरीच्या भिंतीशी तोंड करून, तिनं फोन लावला. आधी तिकडच्या भाषेत, मग आपल्या.

"आगं, मी बोलतीया. ऐक. तू आन ती मागल्या गल्लीतली, दोगी बी जावा दवाखान्यात. व्हय, समदं सांगा. किती पिता, कवापासनं. आगं न्हाई गं, काय करत न्हाईत. मला बग की. पोरगी माज्यापाशीच हाय. भिऊ नगंस. आजच जा."